झेक गोष्टी सांगणारे बापू

बापूंना स्वतःबद्दल बोलता येत नसे. त्यांना गप्प माणूस म्हणावं, तर तेही खरं नव्हे. दुसऱ्याची गोष्ट सांगायला बसले की दोन-दोन तास उठत नसत आणि ऐकणाऱ्यालाही उठू देत नसत. पण "बापू, तुमचं कसं काय?" एवढं विचारलं की "बरां आसा" म्हणून मोकळे. ताप असो, दाढ दुखत असो, मालकाने रजा नाकारलेली असो, उत्तर तेच.

याचं मूळ त्यांच्या घरात होतं. बापूंचे वडील मचव्यावर खलाशी होते. एका मोसमात मचवा परत आला आणि वडील आले नाहीत. आई दुसऱ्यांचं भात कांडायला जायची. घरात तीन पोरं आणि दिवसाला एक जेवण, तेही दुपारचं. सकाळी पेज, संध्याकाळी काही नाही. आईने घरात एक नियम केला होता, की भूक लागली हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. बोलून भात येत नाही, मग बोलायचं कशाला. धाकट्या भावाने एकदा शब्द तोंडातून काढला तर तिने त्याला मारलं आणि मग स्वतःच पडवीत जाऊन बसली. हे बापूंनी मला सांगितलं ते गोष्ट म्हणून, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं. सांगताना आवाज हललासुद्धा नाही.

पुढे ते मुंबईत खाणावळीत राबले, स्वयंपाक शिकले, लग्न केलं आणि लग्नानंतर दहाव्या दिवशी परत खाणावळीच्या चुलीपाशी उभे राहिले. बायकोचं नाव इंदू. आम्ही तिला इंदूकाकी म्हणायचो, कारण बापू आमच्याच वाडीतले. चौऱ्याहत्तर साली त्यांना बहारीनचा व्हिसा मिळाला. तेव्हा मुलगी शालू सहा वर्षांची होती.

आमचं घरही त्याच मापाचं. माझे वडील चिरेखाणीत चिरे तासायचे आणि अंगठा उठवायचे. मी बी.कॉम. झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलो होतो हेही सांगायला हवं. बापू रजेवर आले, भिंतीवर काचेत लावलेलं सर्टिफिकेट त्यांनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "ह्या भिंतीर टांगून काय भिंत पदवीधर होतली?" सहा महिन्यांनी माझा व्हिसा आला. एका जहाज एजंटाच्या ऑफिसात कारकून. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारीनासे झाले. मी त्यांचा "बीकॉम" झालो.

बहारीनच्या गुदैबिया वस्तीत एका शिंप्याच्या दुकानावर आमची खोली होती. आम्ही चौघे राहायचो: बापू, मी, ड्रायव्हर सावंत आणि रत्नागिरीकडचे इब्राहिमभाई, जे एका कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानात, काउंटरवर होते. बापू मात्र दिवसभर पलीकडच्या सलमानिया वस्तीत, एका म्हाताऱ्या परदेशी डॉक्टरच्या घरी स्वयंपाकाला. डॉक्टर आणि त्यांची बायको, जिला बापू मॅडम म्हणायचे, झेकोस्लोव्हाकियाचे. आपला देश सोडून आलेले, परत जायची सोय नसलेले. आम्ही पैसे मिळवायला आलो होतो आणि कधीतरी जाणार होतो. त्या दोघांना जायला जागाच उरली नव्हती. बापू म्हणायचे, "आपण परदेशात आसो. ती दोघां खंयच नाय."

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास त्या घरात व्हिडिओ आला. मॅडमची बहीण ऑस्ट्रियात, सरहद्दीजवळ कुठेतरी राहत होती आणि तिच्याकडे पलीकडच्या देशाचा टीव्ही लागायचा. ती तिथल्या मालिका आणि सिनेमे टेप करून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायची. चित्राचा रंग गेलेला असायचा, मध्येच पाऊस पडल्यासारख्या रेघा यायच्या. दुपारी दोन ते चार, सगळं बहारीन दारं लावून झोपलेलं असताना, मॅडम एकट्याच बघत बसायच्या. बापू चहा घेऊन गेले की दाराशी उभे राहून बघायचे. एक दिवस मॅडमनी खुर्ची दाखवली. बापू जमिनीवर बसले. मॅडमनी परत खुर्ची दाखवली. तेव्हापासून बापू खुर्चीत बसू लागले आणि दुपारचे ते दोन तास त्यांचे स्वतःचे झाले.

त्या भाषेतलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. मॅडम मधूनमधून तोडक्या इंग्रजीत सांगायच्या: ही त्याची आई, हा घटस्फोट घेतोय, ही गरोदर आहे आणि नवऱ्याला सांगत नाही. बाकीचं बापू स्वतः ओळखायचे. मी एकदा विचारलं, भाषा येत नाही तर एवढं कळतं कसं? म्हणाले, "तोंड कित्याक बघतंस? हात बघ. बायकोन ताट कसां ठेवल्यान, ता बघितला की फुडचा सगळा कळता." खाणावळीत पंचवीस वर्षं ताटं वाढलेल्या माणसाचं शास्त्र होतं ते. मॅडमनीच एकदा त्यांना सांगितलं होतं की तुला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं.

शुक्रवारी सुट्टी. मासे-भात झाला की खिडक्या लावून, कूलर सुरू करून आम्ही बापूंभोवती बसायचो आणि आठवड्यात पाहिलेलं ते आम्हाला सांगायचे. हिंदी सिनेमावर पोसलेली माणसं आम्ही. पहिल्या शुक्रवारी अर्ध्या तासाने इब्राहिमभाईंनी विचारलं, "बापू, सगळं बरोबर आहे, पण व्हिलन कधी येणार?"

"येवचो नाय. ह्यात व्हिलन नाय."

"मग भांडण कशाचं?"

"वयाचा," बापू म्हणाले.

खरोखरच त्या गोष्टींत कुणी गात नव्हतं, कुणी कुणाला मारत नव्हतं. माणसं चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची, सकाळी कारखान्यात जायची, संध्याकाळी टेबलाशी बसून सूप प्यायची आणि सूप पिता पिता संसार मोडायचा. सणासाठी जिवंत मासा आणून न्हाणीघरातल्या टबात सोडायचे आणि पोरं त्याला नाव ठेवायची, मग तो मारायचा कुणी यावरून घरात तंटा. एका सिनेमात म्हातारा विधुर शेजारणीशी लग्न करायचं म्हणतो आणि त्याची मोठी मुलं त्याच्याशी बोलायची बंद होतात. बापूंचं मत होतं, "हयसर कोण मरत नाय, माणसां बदलतत. ता जास्त वायट." मॅडम बघता बघता एक उद्गार काढायच्या, "नो यो." बापूंनी तो उचलला. पगार उशिरा झाला, नो यो. आमटी खारट झाली, नो यो. त्याचा अर्थ विचारला तर म्हणायचे, "अर्थ नाय. श्वास आसा तो."

अडचण होती ती नावांची. दोन शुक्रवार त्यांनी तिकडची नावं उच्चारून पाहिली. सावंत म्हणाला, "बापू, ही नावां आसत काय खोकलो?" मग बापूंनी नावं बदलली. बीअरच्या कारखान्यातला मुकादम झाला सावंत.

"माका दारूच्या कारखान्यात घातलास? घराकडे कळला तर?"

"मुकादम आसंस. पगार बरो आसा."

इब्राहिमभाई झाले डॉक्टर. शहरात शिकून आलेला, बापाला अडाणी समजणारा मुलगा होता, त्याला माझं नाव मिळालं. टोमणा लागला होता, पण खरा होता. नुसती नावंच नव्हेत, बापूंनी सगळंच घरचं केलं. सूप म्हणजे सार, टेबल म्हणजे पाट, चौथा मजला म्हणजे वरची माडी. ज्या लांबलचक मालिकेने आमची खोली वेडी केली, तिच्यातला मुख्य माणूस रेल्वेत होता, परगावी नेमलेला, घरी अधूनमधून येणारा. त्याला बापू "मी" म्हणायचे. आणि त्याच्या बायकोला इंदू.

"म्हणजे हीरो तुम्हीच का, बापू?" इब्राहिमभाईंनी चिडवलं.

"तो हीरो न्हय," बापू म्हणाले. "तो फक्त बायकोचो घोव आसा."

आता टेपचं सांगायला हवं. त्या काळी आम्ही पत्रं लिहायचो, पण ज्यांच्या घरी वाचता येत नाही ते कॅसेट पाठवायचे. साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, तिच्यात बोलायचं आणि रजेवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची. एकजण बोलत असला की बाकीच्यांनी जिन्यात जाऊन उभं राहायचं, हा खोलीचा शिरस्ता. सावंत पाऊण तास बोलायचा, मध्ये रडायचा, गाणं म्हणायचा. बापूंचं पाच मिनिटांत आटपायचं. दार उघडं राहिलं म्हणून एकदा मी ऐकलं होतं: "इंदू, बरी आसंस मा? गाय व्याली काय? कौलां परतून घेतलंस काय? शालूक शाळेत धाड. मी बरो आसंय." मग रीळ फिरत असल्याचा नुसता आवाज. थोड्या वेळाने "बाकी ठीक." आणि बटण बंद. आठ वर्षं काकीने हेच ऐकलं. टेप वाजायची ती वाडीतल्या दुकानदाराच्या ओटीवर, कारण रेकॉर्डर त्याच्याकडेच होता. तीस-चाळीस माणसं जमायची. बायका पदर डोक्यावर घेऊन बसायच्या आणि काकी टेपलाच उत्तरं द्यायची, "होय, व्याली. पाडी झाली."

ब्याऐंशीतल्या एका शुक्रवारी इब्राहिमभाईंची ड्यूटी होती. त्यांचा सातवा भाग चुकणार होता, म्हणून त्यांनी सांगून ठेवलं की माझ्यासाठी टेप करून ठेवा. त्याच दिवशी सावंत रजेवर निघणार होता. सकाळी बापूंनी घरची टेप भरली, पाच मिनिटांची. दुपारी सातवा भाग सांगितला, पूर्ण तासभर. मी बटण दाबून बसलो होतो.

तो भाग मला अजून शब्दशः आठवतो. नवरा घरी आलाय. बायको त्याला वाढते. बापू भिंतीकडे बघत सांगत होते:

"इंदू, बस वायच. माका बोलूचा आसा. मी येतंय आणि तू माका पावण्यासारखा वाढतंस. पोरगी माझ्यासमोर सांभाळून बोलता. माझो पाट खंय ठेवचो ता तुका आठवचा लागता. तुझी चूक नाय. माझीपण नाय. तुमका माझ्याशिवाय सवय झाली आणि माका तुमच्याशिवाय. मी आता येवचंय नाय, इंदू. थयसर एक बाई आसा. ती माका काय विचारीत नाय, म्हणान माका तिच्यापाशी बरां वाटता."

सावंतने लुंगीच्या टोकाने तोंड पुसलं. बापूंचा आवाज जड झाला होता. मला वाटलं, काय गोष्ट सांगतो हा माणूस. इतकंच वाटलं, पुढचं काही सुचलं नाही.

खोलीत सुंदर अक्षर माझंच, त्यामुळे कॅसेटवर चिठ्ठ्या मी डकवायचो. खाली टॅक्सी भोंगा वाजवत होती, सावंत बॅगेच्या चेनशी झटत होता. मी दोन चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, एकीवर "घर", दुसरीवर "सातवा भाग". खिडकीत दोन सारख्या कॅसेटी होत्या. मी डकवल्या. नुसतं रीळ पाहिलं असतं तरी कळलं असतं. एका कॅसेटमध्ये पाच मिनिटांचीच टेप पुढे गेलेली होती. मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंनी आपला सातवा भाग लावला आणि टेपमधून आवाज आला, "इंदू, बरी आसंस मा? गाय व्याली काय?" त्यांनी बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. बापू कांदा चिरत होते. तेही थांबले.

मी म्हणालो, "बापू, चूक माझी."

बापूंनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "टेपीर आवाज माझो आसा," म्हणाले. "तुझो खंय?"

मी धावत बापूंच्या नावाने तार करायला गेलो. कॉलेजात शिकलेलं इंग्रजी त्या दिवशी मी पहिल्यांदा मन लावून वापरलं: टेप चुकून आली आहे, ती एक गोष्ट आहे, खरी नाही, पत्र येत आहे. तार पोचायच्या आधी टेप वाजली होती. सावंत ती देऊन पुढे आपल्या गावी गेलेला, ही गोष्ट आहे हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. ओटीवर नेहमीची माणसं होती. बापूंनी गोष्टीतलं सगळंच घरचं केलं होतं, त्यामुळे परकं असं एक अक्षर तिच्यात नव्हतं. त्या भागात एकदा जरी बर्फ पडला असता तरी आमची अब्रू वाचली असती. पण तो भाग घरातल्या घरात होता. पहिल्या दोन मिनिटांनंतर दुकानदार टेप बंद करायला उठला, तर काकी म्हणाली, "ऱ्हवांदे." तिने दोन्ही बाजू ऐकल्या. दुसऱ्या बाजूला ती बाई होती, तिचं घर होतं. काकीने एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. टेप संपली तशी पदर सारखा करून शालूला हाताला धरून घरी गेली. मागाहून तार आली. शाळेच्या मास्तरांनी तिचा अर्थ अगदी बरोबर सांगितला, आणि वाडीतल्या कुणाचाही विश्वास बसला नाही. गोष्ट आहे म्हणून सांगणारा तरी कोण? तोच ना?

मॅडमना कळलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की तुमचा नवरा भला माणूस आहे, तो माझ्याबरोबर बसून मालिका बघतो, ती गोष्ट त्या मालिकेतली. पत्र मी मराठीत उतरवून दिलं आणि शंका राहू नये म्हणून मॅडमचा फोटो जोडला. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पासष्टीच्या पुढची बाई. वाडीत त्या फोटोचा एकच अर्थ निघाला. "बघा, मडम आसा ती. फोटोपण धाडल्यान." माझं दुसरं शहाणपण असं कामी आलं. पैशांचा ड्राफ्ट घालून बापूंनी पाठवलेली रजिस्टर पत्रं त्यानंतर "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत येऊ लागली. काकी काजूच्या फॅक्टरीत जायला लागली होती.

तीन महिन्यांनी रजा मिळाली तेव्हा बापू गेले. काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर चार वाक्यांत सांगितलं, बाकीचं पुढे काकीने. काकी ओरडली नाही, रडली नाही. पाट मांडला, वाढलं आणि समोर बसली. बापूंनी सांगितलं, ती गोष्ट होती. मालिका होती. बीकॉमने चिठ्ठी चुकवली.

काकी म्हणाली, "असात. गोष्ट असात. आठ वर्सां तुमची टेप येता. गाय व्याली काय, कौलां परतलास काय. असो आवाज मी तुमचो एकदाय ऐकूक नाय. इतक्या मनापासून तुमी बोललास ता एकदाच, आणि ता जावच्यासाठी. बाई खोटी असात. आवाज खरो होतो."

बापूंनी मला हे सांगितलं आणि विचारलं, "बीकॉम, ह्याका काय उत्तर?"

मी उगाच म्हटलं, "बापू, शपथ घेऊन सांगायचं, की मनात तसं काही नव्हतं."

"तसां नव्हता म्हणून कसा सांगू? बाई नव्हती. पण माझो पाट खंय ठेवचो ता तिका आठवचा लागता, ह्या मालिकेत नव्हता. ता मी घातलंय."

त्यानंतर खोलीत गोष्ट झाली नाही. शुक्रवारी मासे-भात व्हायचा आणि चौघे चार दिशांना तोंडं करून पडायचो. सावंतला वाटायचं टेप त्याने नेली म्हणून पाप त्याचं. इब्राहिमभाईंना वाटायचं सातवा भाग मागितला म्हणून त्यांचं. पाप माझं होतं. मी पुन्हा कुणाच्याही कॅसेटवर चिठ्ठी डकवली नाही. पण त्याने कुणाचं काही भरून येत नव्हतं. काकीने शालूच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव घालायला लावलं, एवढंच वर्षभरात वाडीतून आलेल्या एका पत्रातून कळलं आणि ते पत्र बापूंनी मला तीनदा वाचायला लावलं.

मालिकेचे शेवटचे भाग बापूंनी मॅडमबरोबर पाहिले. शेवटी काय झालं, तो नवरा परत आला का, हे आम्ही तिघांनी वेगवेगळं विचारून पाहिलं. एकच उत्तर: "खलास. संपली." शहाऐंशीत डॉक्टर वारले. त्यांना बहारीनच्याच मातीत ठेवलं. मॅडमनी घर आवरलं आणि बहिणीकडे जायला निघाल्या. विमानतळावर बापू आणि मी गेलो होतो. म्हाताऱ्या बाईने बापूंचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलल्या. बापूंनी मान डोलावली. परत येताना मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हायत नाय," म्हणाले. "पण हात थंड होते."

दोन महिन्यांनी बापूही कायमचे गावी परतले. सामान म्हणजे एक बॅग आणि एक पाटा-वरवंटा, जो त्यांनी बारा वर्षं वापरला होता. मी म्हटलं, "बापू, आता घरी गप्प बसू नका. तुम्हाला बोलता येतं. आम्ही ऐकलंय." ते म्हणाले, "गोष्ट सांगूक येता रे. बोलूक नाय येवक." माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढाच. मला जन्मात मिळालेली सगळ्यात मोठी नोकरी ज्याच्यामुळे मिळाली, त्याचा संसार माझ्या अक्षराने मोडला होता, आणि त्याने एकदाही तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं मला रजेवर गेल्यावर दिसलं. सत्त्याऐंशीत गेलो तेव्हा घर दोन भागांत होतं. काकी मागल्या पडवीत, बापू पुढल्या. काकी वेळेवर वाढायची आणि बाजूला व्हायची. बोलणं शालूमार्फत. शालू तेव्हा कुडाळला कॉलेजात जायची. ती मला म्हणाली, "दादा, घरात रेडिओ आहे म्हणून बरं, नाहीतर आवाजच नाही."

पण बापू बोलत होते. हे मला आधी कळलंच नाही. दुपारी काकी पडवीत काजू फोडायला बसली की हे मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि तिच्या पाठीला सांगायचे. गोष्टी नव्हेत. भुकेचं. आईने भावाला मारलं ते. लग्नानंतर दहाव्या दिवशी गाडीत बसताना काय वाटलं ते. बहारीनला पहिल्या उन्हाळ्यात चुलीपुढे चक्कर येऊन पडले आणि टेपवर "मी बरो आसंय" म्हणाले ते. अडखळायचे, थांबायचे, एकेका वाक्याला पाच-पाच मिनिटं लागायची. शुक्रवारी आम्हाला गुंगवणारा माणूस स्वतःचं सांगताना चौथीतल्या पोरासारखा चाचरायचा. काकी मान वळवायची नाही आणि काजू फोडायची थांबायची नाही. मी ओटीवरून ऐकलं आणि न भेटताच निघून आलो. ते ऐकायचा हक्क मला नव्हता.

हे असं दोन वर्षांहून जास्त चाललं. रोज दुपारी. शालूने पत्रात लिहिलं होतं की बाबांची छाती भरते, डॉक्टर कमी बोला म्हणतात, आणि बाबा ऐकत नाहीत.

एकोणनव्वदच्या रजेत मी परत गेलो. अंगणात पाऊल टाकलं तर आतून काकीचा आवाज आला, चढलेला. मला वाटलं शालूवर ओरडते आहे. शालू तर विहिरीवर होती. आत गेलो. बापू खाटेवर, हाडं नुसती. काकी वाटी घेऊन त्यांच्यापुढे.

"मीठ घालूचा नाय म्हणान डॉक्टरान सांगल्यान. बारा वर्सां मडमेक रांधून वाढलास, आता माका शिकवू नकात."

"शिकवीत नाय. अळणी आसा ता अळणी आसा म्हणतंय."

"गप गिळा."

"गप ऱ्हवलंय म्हणान तर सगळा झाला," बापू म्हणाले. काकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटीत चिमटीभर मीठ टाकलं.

मी दारातच उभा होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकीने मला नंतर चहा दिला, त्या चिठ्ठीबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही. कधीपासून बोलायला लागलात, असं मी विचारलं नाही. शालू म्हणाली, गणपतीनंतर. एका दुपारी बाबा सांगता सांगता मध्येच थांबले, त्यांना पुढचं आठवेना, तर आई मागे न वळता म्हणाली, "मगे?" एवढंच.

मी बहारीनला परत आलो. बापू शिमग्याच्या आधी गेले. शालूचं पत्र आलं, ते मी इब्राहिमभाईंना आणि सावंतला वाचून दाखवलं. शालूने लिहिलं होतं की दुपारची वेळ होती, आईने त्यांना उठवून बसवलं होतं आणि फॅक्टरीतल्या मुकादमाचं काहीतरी सांगत होती. बापूंनी हुंकार भरला, मग भरला नाही. आईचं सांगणं पूर्ण झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

बापू गेले तेव्हा काकी त्यांच्याशी बोलत होती. त्यांनी तेवढं मिळवलं.